खंडित काठीची पूजा

माझं माहेर ठाण्याचं, खाडीकाठचं. मासळीवर माझा राग नाही, असायचं कारणही नाही. पण मासे धरायच्या काठीचं नाव कुणी काढलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणसं हसतात, म्हणतात, अहो, काठीवर कसला राग धरता? त्यांना सांगायला बसलं की बोलणं लांबतं आणि शेवटी मीच उठून आत जाते. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

आमचे हे आगगाडीच्या कंपनीत कारकून होते. नेमणूक कसाऱ्याला, घाटाच्या पायथ्याशी. रूळ, खिळे, रूळ जोडायच्या फिशप्लेटी, चुना, कोळसा, काय आलं नि काय गेलं ते लिहायचं. राहायला पत्र्याची खोली, मागे रान, पुढे रूळ. कल्याणातले लोक म्हणत, काय मजा, हवापालट! त्यांना म्हणावं, एक भादवा काढून दाखवा तिथे. घाटातला हिवताप माणसाला एकदम मारत नाही. आज थंडी, उद्या घाम, परवा उठून कामाला, तेरवा पुन्हा थंडी. आमचा पहिला मुलगा असाच गेला. अंगावर पीत होता तोवर बरा होता. चालायला लागला आणि गेला.

त्याच्या पाठची मुलगी. मी लिहिते आहे ते तिच्याबद्दल. चार वर्षांची झाली तरी अडीच वर्षांची दिसे. हिवतापाने पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, पोट टम्म, हातपाय काड्या. तोंड मात्र अखंड चालू. हे काय, ते का, ते कुणाचं. बोलण्यात माझ्यावर गेली होती. कल्याणच्या वैद्यांनी तिची नाडी पाहिली, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, आणि एरवी ज्या दोघांचं कशावर जमायचं नाही त्या दोघांचं हिच्यावर जमलं. डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "हिला परत घाटात नेऊ नका. नेलीत, तर परत आणायची आशा धरू नका."

तो श्रावण होता. देवाची कृपा म्हणा, त्या वर्षी कल्याणच्या साहेबाच्या कचेरीतला कारकून आजारी पडून गावी गेला आणि त्याच्या जागेवर तात्पुरतं म्हणून ह्यांना घाटातून खाली बोलावलं. आम्ही कल्याणला मामंजींच्या, माझ्या सासऱ्यांच्या, घरी येऊन राहिलो. हिवतापावरचं कोयनेल चालू होतंच, पण खरा गुण आला तो हवेचा आणि पाण्याचा. गणपतीपर्यंत पोर अंगणात धावायला लागली. मला सांगायला शब्द नाहीत. मी चुलीपुढे बसून नुसती तिच्या पायांचा आवाज ऐकत असे.

आता कुणी विचारील, नवरा घाटात गेला तर जाऊ द्यायचा होता, तुम्ही पोरीला घेऊन कल्याणला राहायचं होतं. मलाही विचारलंय लोकांनी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मामंजी एकटे, हाताने शिजवून खाणारे. नवरा परगावी आणि तरणी सून विधुर सासऱ्याजवळ एकटी, हे आमच्या आळीत कुणी खपवून घेतलं नसतं, आणि मामंजींनी तर त्याहून नाही. माहेरी आईवडील उरले नव्हते. भावजयीने पोरीचं पोट पाहिलं आणि आपली मुलं आत ओढून दार लोटलं. तेव्हा जागा दोनच, कल्याण नाहीतर घाट, आणि जिथे हे तिथे आम्ही. गावी गेलेला कारकून परत येणार नाही असं कळलं होतं. ती जागा कायमची कुणाला द्यायची हे साहेबाच्या हाती. त्याने दोन ओळी लिहिल्या की माझी पोर जगली, एवढा सरळ हिशेब होता.

साहेब वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी मनापासून देता आल्या असत्या. उंच, लाल, कमी बोलणारा, कामात चोख. त्याला एकच नाद, मासे. सुटी आली की आंबिवलीच्या बाजूला काळू नदीवर जायचा आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून दिवस काढायचा. आमिष म्हणून गांडूळ नाही, कणीक नाही. पक्ष्याच्या पिसाची खोटी माशी करायची, तिच्या पोटात गळ लपवायचा आणि काठीने ती पाण्यावर नाचवायची. मासा फसून उडी मारतो म्हणे. हे मला सांगत तेव्हा मी पोट धरून हसायची. मासे इतके खुळे असतात हे खाडीकाठी वाढून मला माहीत नव्हतं.

ती काठी विलायतेची. बांबूच्या बारीक पट्ट्या तासून, एकाला एक सरसाने चिकटवून केलेली, तीन तुकड्यांची, पितळी जोडाची. शेंड्याला तर इतकी बारीक की फुंकर मारली तर हलेल. मुंबईला कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका इंग्रजी दुकानातून साहेबाने ती त्याच वर्षी घेतली होती आणि दुकानाने छापील हमी दिली होती. वर्षाच्या आत बांबूच्या दोषाने मोडली, तर दुकान स्वखर्चाने नवा तुकडा बसवून देणार. तर भादव्यात काळूला पाणी चढलेलं असताना एक मोठा मासा लागला आणि काठीचा मधला तुकडा उभा चिरून मोडला.

दिवाळीला साहेबाकडे कोणी बडे पाहुणे यायचे होते, खास मासे मारायला. त्याआधी काठी हवी होती. साहेबाला स्वतःला लाइनीच्या तपासणीवर जायचं होतं, आणि शिपायाच्या हाती असली नाजूक चीज द्यायला तो तयार नव्हता. म्हणून ह्यांना सांगितलं. दसऱ्याची कचेरीला सुटी, इंग्रजी दुकान उघडं, तेव्हा त्या दिवशी मुंबईला जाऊन काठी आणि हमीचा कागद दुकानात द्या. आणि जाता जाता म्हणाला, "हे काम नीट करा. मी परत आलो की तुमच्या जागेचं बघतो."

ह्यांनी घरी येऊन ते वाक्य मला आधी इंग्रजीत म्हणून दाखवलं, मग मराठीत. मी देवापुढे साखर ठेवली. लांबट खाकी पिशवीतली ती काठी अष्टमीच्या संध्याकाळी आमच्या घरात आली आणि माजघराच्या खुंटीला लागली.

आता मामंजींबद्दल सांगायला हवं. मामंजी मामलेदार कचेरीतून पेन्शन घेतलेले. जन्मभर त्यांनी तिथे दप्तरं बांधली आणि लाखोटे केले. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय मोठं? पण मामंजींचा लाखोटा म्हणजे मामंजींचा लाखोटा. दोरीचे वेढे एकाशेजारी एक, कुठे चढ नाही, उतार नाही, गाठीवर लाखेचा थेंब गोल, रुपयासारखा. पावसात भिजत पुण्याला गेला तरी सुटत नसे. याचा त्यांना फार अभिमान. घरात लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधलं तरी ते उठून पाहायचे आणि म्हणायचे, सूनबाई, हे काय बांधलंय, की गुंडाळलंय?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्या हत्यारावर पोट चालतं त्याची पूजा. मामंजींनी पाटावर दौत, बोरू, चाकू, कात्री मांडली. मी विळी, कोयता, अडकित्ता घासून आणून ठेवला. ह्यांनी आपली टाकाची लेखणी ठेवली. मग मामंजींची नजर खुंटीकडे गेली. त्यात काय आहे म्हणून त्यांनी विचारलं, ह्यांनी सगळं सांगितलं.

मामंजी म्हणाले, मग ते हत्यार पाटावर का नाही? ज्याच्यावर लेकराचा जीव टांगलाय ते खुंटीला आणि अडकित्त्याची पूजा, ही कुठली रीत? हे म्हणाले, बाबा, ते साहेबाचं आहे. मामंजी म्हणाले, आज आपल्या घरात आहे ना? घरातलं हत्यार नवमीला पूजेवाचून राहत नाही. पिशवी सोडली. मोडका तुकडा बाहेर आला. तशी मामंजींनी मान हलवली. खंडित वस्तू पूजेला चालत नाही. मूर्ती असो, शंख असो, हत्यार असो, भंगलेलं पाटावर ठेवायचं नाही, ठेवलं तर उलटं फळ. म्हणजे ठेवायलाही हवी आणि ठेवताही येत नाही. झाली का पंचाईत!

मामंजींनी क्षणभर विचार केला आणि मला गोफाचं लाल रेशीम आणायला सांगितलं. हे पुढे झाले. हमीचा कागद काढून त्यांनी त्यातलं कलम मामंजींना मराठी करून वाचून दाखवलं. मोडलेले तुकडे जसेच्या तसे आणावेत, दुसऱ्या कुणी दुरुस्ती केली तर हमी राहणार नाही. मामंजींनी ते नीट ऐकून घेतलं. जन्म कचेरीत गेलेला, कलमाला मान देणारा माणूस. आणि मग म्हणाले, "दुरुस्ती कोण करतोय? मी ती पूजेपुरती अखंड करतोय. उद्या उत्तरपूजा झाली की सोडून टाकू."

यावर हे काय बोलणार? वडिलांपुढे मान वर करून बोलायची आमच्याकडे चाल नव्हती. मला तर मामंजींचं म्हणणं पटलं, आणि पटलं असं म्हणायला आजही मी भीत नाही. पोरीचा थोरला भाऊ गेला तेव्हा मी डॉक्टर पाहिला होता, कोयनेल पाहिलं होतं, कंपनीची कलमंही पाहिली होती. आता देवाला मधे घ्यायची संधी आलेली मी कशी सोडणार होते?

मामंजी समईजवळ बसले. चिरलेल्या पट्ट्या बोटांनी दाबून बसवल्या, त्यावर रेशमाचे वेढे घातले, एकाशेजारी एक. वेढे सुटू नयेत म्हणून कचेरीची लाल लाख समईवर धरून थेंब थेंब सोडली आणि ओल्या अंगठ्याने फिरवून गुळगुळीत केली. काठी हातात धरून हलवून दाखवली. वाकली, पण मोडलं कुठे होतं ते कळेना. मग तिला स्नान घातलं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पोर गुडघ्यांवर बसून टक लावून बघत होती. तिने विचारलं, "आजोबा, काठी बरी झाली?" मामंजी म्हणाले, "झाली हो बयो." त्या दिवशी आम्ही सगळेच खुशीत होतो, हे मला पक्कं आठवतं.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा करून मामंजी सोडायला बसले. वरचं रेशीम सुटलं. खालचं सुटेना. लाख पातळ होऊन चिरेत उतरली होती आणि पट्ट्यांच्या आत जाऊन बसली होती. मामंजींनी चाकूने खरवडली. मग निखाऱ्यावर धरून ऊब दिली, तसा विलायती रोगणाला फोड आला आणि पट्ट्यांमधला सरसही सुटायला लागला. जी काठी एका जागी चिरली होती ती आता फुललेल्या केरसुणीसारखी दिसायला लागली. हळद तर लाकडात मुरलेलीच होती. मी ओल्या फडक्याने पुसली, तशी आणखी पसरली. मामंजींनी चाकू पुसून ठेवला. मग म्हणाले, मुंबईचे कारागीर आहेत, नवाच तुकडा घालणार, त्यांना काय त्याचं! हे पिशवी बांधून सकाळच्या गाडीने गेले.

तो दिवस मी कसा काढला! स्वयंपाक केला, पोरीला नवं परकर-पोलकं घातलं, शेजारणीबरोबर दुर्गाडीच्या किल्ल्यावर देवीच्या पाया पडून आले. देवीला एवढंच म्हटलं की बाई, तुला माझ्या पोरीपेक्षा मोठी पुष्कळ कामं असतील, पण हे एक आधी कर. शेजारीण म्हणाली, अहो, देवीशी असं भांडल्यासारखं काय बोलता? मी म्हटलं, मला दुसरं बोलता येत नाही.

दिवेलागणीला हे आले. हातात पिशवी नव्हती. मामंजी ओसरीवर सोनं घेऊन वाट बघत बसले होते. ह्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "ठेवून घेतली, बाबा. दिवाळीच्या आत करून देतो म्हणाले." मामंजींनी दोन्ही हात जोडले. मग ह्यांच्या पाठीवर थाप मारून विचारलं, माझ्या बांधणीबद्दल काही बोलले का? हे म्हणाले, हो, नीट बांधली होती म्हणाले. मामंजी हसले आणि पोरीला उचलून आळीत सोनं वाटायला घेऊन गेले. मला तर हसावं की रडावं कळेना. मी साखर घ्यायला आत वळले, तर हे मागे विहिरीकडे गेलेले. मी तांब्या घेऊन गेले. हे विहिरीच्या काठाला धरून उभे होते.

तिथे त्यांनी मला खरं सांगितलं. दुकानातल्या पारशी कारकुनाने पिशवी सोडली, काठी पाहिली आणि आतून गोऱ्या मॅनेजरला बोलावून आणलं. त्याने लाकडावर अंगठा घासला, अंगठा पिवळा झाला. हे काय म्हणून त्याने विचारलं. आमचे हे धर्मराजाचा अवतार! एखाद्याने म्हटलं असतं, मला काय ठाऊक, साहेबाने दिलं तसं आणलं. ह्यांनी पूजेचं सांगितलं, नवमीचं सांगितलं, खंडित वस्तूचंही सांगितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसायला लागली. मॅनेजर हसला नाही. हमीच्या कागदाची घडी घालून त्याने तो ह्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाला, "ही हमी मासे धरायच्या काठीची आहे, देवाची नाही."

पैसे भरून करायची म्हटलं तरी तुकडा विलायतेहून यायचा, म्हणजे होळी उजाडणार. काठी घेऊन हे परत आले आणि स्टेशनाजवळच्या कचेरीत कपाटात ठेवून हात हलवत घरी आले. मी म्हटलं, मग मामंजींना खोटं का सांगितलंत? हे म्हणाले, "त्यांना कळलं तर ते अन्न सोडतील. तू बोलू नकोस." एवढं म्हणून त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मला त्यांचा राग आला, मामंजींचा आला, त्या मॅनेजरचा आला, देवीचाही आला. सगळे राग एकदम आले की माणूस नुसतं उभं राहतं. आळीतून परतलेल्या पोरीचा आवाज ओसरीवरून येत होता. ती आजोबांना विचारत होती, सोन्याची पानं खातात का.

साहेब परत आला तेव्हा ह्यांनी काठी त्याच्या टेबलावर ठेवली आणि सगळं खरं सांगितलं. त्याने आरडाओरडा केला नाही. तुकडा उचलून उजेडाकडे धरला, वास घेतला, खाली ठेवला. मग म्हणाला, "मी तुम्हाला एक वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचवायला सांगितली होती. ती जशीच्या तशी पोचली नाही. मग माझे कागद तुमच्या हाती कसे देऊ?" हे म्हणतात, त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणते, पुष्कळ होतं. घरी चार वर्षांची पोर आहे, हे होतं. पण ते ह्यांना सांगता आलं नाही. साहेबाला घरचं काही सांगायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ह्यांना दिवाळीनंतर कसाऱ्याला हजर व्हायचा हुकूम झाला.

आणि मग सुरू झालं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मामंजींनी हुकूम ऐकला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांच्या लेखी काठी दुरुस्त होऊन साहेबाच्या हातात गेलेली. म्हणाले, बघा हा गोऱ्याचा न्याय, गरज सरो, वैद्य मरो! आळीत ज्याला त्याला तेच. माझा मुलगा दसऱ्यासारखा सण सोडून मुंबईला गेला, मी स्वतःच्या हाताने काठी बांधून दिली, आणि काम झाल्यावर हा ओळख विसरला. लोक येऊन हळहळत, साहेबाला शिव्या देत. मी आत पोळ्या लाटत ऐकत असे. लहानपणापासून माझ्या जिभेला हाड नाही म्हणून आईने कितीदा चिमटे घेतले असतील. आणि तीच मी, ओठाशी आलेलं रोज गिळत होते. सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

एक दिवस मामंजींनी पगडी घातली, उपरणं घेतलं, हातातली काठी टेकत निघाले. म्हणाले, बंगल्यावर जाऊन साहेबालाच विचारतो, तुझी दानत कुठे गेली? हे उठले आणि दारात आडवे उभे राहिले. जन्मात कधी वडिलांच्या वाटेत उभा न राहिलेला माणूस. "बाबा, पाया पडतो तुमच्या. जाऊ नका." मामंजींनी पगडी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, शेळपट आहेस. बायकामुलांसाठी शब्द टाकायची तुझ्यात धमक नाही, आणि मी टाकतो तर आडवा येतोस. त्यानंतर निघेपर्यंत ते ह्यांच्याशी धड बोलले नाहीत. ह्यांनी तेही घेतलं. मी रागाने ह्यांना म्हटलं, सांगून का टाकत नाही एकदाचं? निदान तुमच्यावरचं तरी उतरेल. हे म्हणाले, माझ्यावरचं उतरून त्यांच्यावर चढेल. त्यांना ते पेलायचं नाही.

दिवाळी झाली आणि आम्ही घाटात गेलो. पोर गाडीत खिडकीशी बसून नाचत होती, माकडं दिसणार म्हणून. थंडीत बरी राहिली. उन्हाळा गेला. मला वेडी आशा वाटायला लागली की डॉक्टर खोटा ठरला. आषाढात पहिली थंडी भरली. मग नेहमीचं सुरू झालं, आज थंडी, उद्या घाम. घोंगडी घातली तरी दात वाजायचे, आणि वाजता वाजता ती विचारायची, आई, माझे दात कोण वाजवतंय? श्रावणात बोलणं कमी झालं. तिचं बोलणं कमी झालं तेव्हाच मी समजले, पण ह्यांना बोलले नाही. भादव्यात एका दुपारी गेली. हे गोदामात होते. रुळांवरच्या एका माणसाला हाक मारून मी त्यांना बोलावणं पाठवलं. ते धावत आले, दारात थांबले आणि चपला काढायला लागले. त्या चपला काढणंच मला सहन झालं नाही. मी पहिल्यांदा तेव्हा ओरडले.

सुतक फिटल्यावर आम्ही कल्याणला गेलो. मामंजींना तार पोचली होती. ओसरीवर बसून होते, एका वर्षात दहा वर्षांनी म्हातारे झालेले. पाय धुवायला तांब्या त्यांनी स्वतः उठून आणून दिला. मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. मग आम्ही तिघं ओसरीवर बसलो. रडायचं सगळं रडून झालेलं होतं. आळीतली एक बाई डोकावली आणि परत गेली.

मामंजी जमिनीकडे बघत ह्यांना म्हणाले, "एक विचारतो, खरं सांग. ती काठी दुरुस्त झाली होती ना रे?"

म्हणजे म्हाताऱ्याला वर्षभर हा किडा आत पोखरत होता. साहेबाला शिव्या देताना, आळीला गोष्ट सांगताना, पोराला शेळपट म्हणताना, आत हेच. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी सांगा. माझी मुलगी गेली, माझा मुलगा गेला, निदान एवढं खरं तरी माझ्या पदरात टाका. कुणीतरी मोठ्याने म्हणा की कशाने झालं. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मीच बोलले असते. एक शब्द बाहेर पडला असता तर सगळं पडलं असतं.

"झाली होती, बाबा," हे म्हणाले. "अगदी पहिल्यासारखी झाली होती. साहेबाचीच नियत फिरली."

मामंजींनी मान हलवली. कितीतरी वेळ ती हलतच राहिली. मग म्हणाले, "बरं झालं. मला वाटत होतं, माझ्या हातून काही झालं की काय."

ह्यांनी पुढे सरकून मामंजींचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि धरून ठेवले. मी उठले, पदर खोचला, आत जाऊन आधण ठेवलं आणि तिघांपुरते तांदूळ वैरले.